सासुरवाडीच्या रानात मी दिलेला पॉइंट

हातात ॲल्युमिनियमच्या दोन कांड्या घेऊन उभा राहिलो की मी बरा माणूस दिसत नाही, हे मला मान्य आहे. कांड्या हातभराहून थोड्या लांब, एका टोकाला प्लास्टिकच्या पाइपच्या तुकड्यावर स्क्रूने आवळलेल्या आणि पुढे फाकलेल्या, बेचक्यासारख्या. तिथून निघालेली काळी वायर पेन ड्राइव्हएवढ्या एका डबीत जाते, डबी लॅपटॉपात. कानावर हेडफोन, तोंड आभाळाकडे. अशा थाटात मी बारा-पंधरा मिनिटं जागच्या जागी हळूहळू फिरत असतो. लातुरात आमच्या गच्चीवर हे बघून शेजारच्या वहिनींनी एकदा आमच्या हिला बाजूला घेऊन विचारलं, की हे आधीपासून होतं का लग्नानंतर सुरू झालं. ही म्हणाली, लग्नानंतर. तेव्हापासून त्या वहिनी तिच्याकडेही जरा जपूनच बघतात.

छंद तसा निरुपद्रवी आहे. हवामानाच्या सॅटेलाइटी डोक्यावरून जाताना खाली बघत जातात आणि जे दिसेल ते रेडिओच्या लहरींवर सांगत जातात. त्याला कुलूप नाही, वर्गणी नाही. ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं. माझ्या वेळच्या जुन्या सॅटेलाइटींचा आवाज भिंतीवरच्या घड्याळासारखा यायचा, टिक-टॉक, टिक-टॉक, आणि त्या आवाजातून लॅपटॉपवर एकेक ओळ करत चित्र उतरायचं, कुणी स्वेटर विणावा तसं. ढग, समुद्र, किनारा. त्या म्हाताऱ्या सॅटेलाइटी आता बंद झाल्या. नव्यांचं चित्र जास्त चांगलं येतं, पण त्या नुसत्या फसफसतात; त्यांच्यात ती टिक-टॉक नाही. असो.

हे खूळ मला लागलं पोटापाण्याच्या कामातून. मी एका कोचिंग क्लासमध्ये प्रश्नपत्रिका टाइप करतो. लातुरात डॉक्टर होऊ घातलेली जेवढी पोरं आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांना घाम फोडणारे भौतिकशास्त्राचे प्रश्न माझ्या बोटांखालून गेलेले आहेत. 'तरंगलांबी' हा शब्द मी हजारदा टाइप केला असेल, अर्थ विचारला असता तर मात्र बाथरूमला जाऊन येतो म्हणालो असतो. एकदा अँटेनाच्या लांबीवर प्रश्न आला. चार पर्याय होते आणि त्यांतल्या दोन पर्यायांत माझ्या हातून तेच एक बरोबर उत्तर पडलं. सरांनी मला बोलावून सगळ्यांसमोर विचारलं की यातलं तुम्हाला काही कळतं का. त्या रागात मी घरी येऊन जुन्या टीव्हीचा अँटेना कापला.

पहिले तीन महिने आकाशातून काहीच आलं नाही. चौथ्या महिन्यात एका सकाळी खणखणीत आवाज आला. मी हाका मारमारून हिला गच्चीवर बोलावलं आणि हेडफोन तिच्या कानाला लावले. तिने कणकेचे हात लांब धरून नीट ऐकलं आणि म्हणाली, "साड्यांचा सेल लागलाय म्हणं. शेवटचे दोन दिवस." गावातलं एफएम स्टेशन माझ्या डबीत घुसलं होतं. माझ्या छंदातून आमच्या घरात आलेली पहिली ठोस गोष्ट म्हणजे दोन साड्या.

पुढे खरोखरचं पहिलं चित्र आलं, ते मी आठवडाभर हिमालय म्हणून दाखवत फिरलो. सॅटेलाइट दक्षिणेकडून वर आली तर चित्र उलटं उतरतं, हे मला ठाऊक नव्हतं. माझा हिमालय म्हणजे हिंदी महासागरावरचे ढग होते. स्पर्धा परीक्षांना भूगोल शिकवणाऱ्या सरांनीसुद्धा 'वा, हिमालय' म्हणून मान डोलावली होती, त्यामुळे चूक कळल्यावर मी त्यांच्याकडे पुन्हा गेलो नाही. कुणाचं तरी एक समाधान राहू द्यावं.

लोक मला खुळा म्हणत, आणि माझी तक्रार नव्हती. आमच्या हिचीही फारशी नव्हती. ती म्हणायची, लोकांचे नवरे कुठं बसलेत ते शोधावं लागतं, माझा तारेला बांधलेला आहे. खरी अडचण एकच होती, आणि ती होती माझे सासरे.

त्यांना मी मामा म्हणतो; ही आणि सगळं गाव आबा म्हणतं. जळकोटपासून थोडं आत त्यांचं गाव. बोलणं अगदी मोजकं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी त्यांचा रेडिओ 'जरा साफ करून देतो' म्हणून उघडला होता आणि जोडताना सहा स्क्रू आणि एक स्प्रिंग उरली होती. मामा काही बोलले नाहीत. पुढची बारा वर्षंही काही बोलले नाहीत. "आलाव? बसा. जेवा," एवढ्यावर आमचं नातं चाललं होतं. मी घरात असलो की ते घड्याळसुद्धा कपाटात ठेवतात, असं मेव्हणा सांगायचा. तो चेष्टा करत होता की खरं सांगत होता, मी कधी तपासलं नाही.

मामांचं रान माळावरचं, मुरमाड. विहीर होळी झाली की तळ दाखवते. दोन बोअर पाडून झालेले, दोन्ही कोरडे. त्यांच्या पाइपांच्या तोंडांवर दगड ठेवलेले होते. त्यानंतर मामांनी बोअरचं नाव काढलं नव्हतं. पण पुढे त्यांनी माळावर केशर आंब्याची रोपं लावली आणि ती त्यांच्या जिवाला लागली. उन्हाळ्यात मामा आणि मामी सकाळ-संध्याकाळ घागरीने एकेका रोपाला पाणी घालायचे. मी ज्या चैत्राचं सांगतोय, तेव्हा विहिरीत घागर बुडण्याएवढंही पाणी उरलं नव्हतं. रोपं जगतील का, एवढाच विषय घरात होता आणि मामा तोही बोलत नव्हते.

मेव्हण्याच्या मुलीचं जावळ होतं, म्हणून आम्ही आदल्या दिवशी गेलो. मी कांड्या बरोबर घेतल्या. उघडं आभाळ, आसपास एफएम नाही, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या नाहीत; सासुरवाडीची ओढ मला एवढी कधीच लागली नव्हती. एसटीत कंडक्टरने विचारलं की हे पंख्याचं पातं हाय का. मी हो म्हणालो. एवढ्या वर्षांत मी हेच शिकलो होतो, की समजावून सांगण्यापेक्षा हो म्हणणं सोपं जातं. त्याच खोडीने पुढे माझा घात केला.

जावळाच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला सॅटेलाइट जाणार होती. घरात गर्दी, म्हणून मी माळावर गेलो. लॅपटॉप एका पालथ्या टोपल्यावर ठेवला. आवाजात खरखर येत होती, म्हणून कांड्या दोन्ही हातांत आडव्या धरून, टोपलं पायाने पुढे सरकवत, चांगली जागा शोधत निघालो. दोन पावलं पुढे, एक मागे. जरा उजवीकडे. बाभळीपाशी खरखर कमी झाली. आणखी चार पावलांवर एकदम गेली आणि स्वच्छ टिक-टॉक सुरू झालं. मी तिथेच थांबलो.

आमच्याकडच्या माणसाला हे वर्णन वाचताच काय झालं असेल ते कळलं असणार. जमिनीखालचं पाणी दाखवणारा पाणाड्या असाच चालतो. त्याच्या हातात कडुनिंबाचं बेचकं असतं, माझ्या हातात ॲल्युमिनियमचं. तोही असाच खुळ्यासारखा हळूहळू फिरतो आणि एका जागी थांबतो. तो थांबला, की त्या जागेला पॉइंट म्हणतात.

मी मात्र लॅपटॉपकडे बघत होतो. हिमालयापासून सुरू झालेलं चित्र खाली खाली येत होतं. गुजरात गेला, आपलं दख्खन गेलं, केरळ निमुळता झाला आणि दोन्ही बाजूंनी काळाभोर समुद्र पसरला. असं चित्र मला त्याआधी कधीच मिळालं नव्हतं. मामा मागे येऊन कधी उभे राहिले, मला पत्ता नाही. एका कानावर हेडफोन होता, दुसऱ्या कानाने त्यांचा आवाज आला.

"दिसायलंय का पाणी?"

मला वाटलं, त्यांनी स्क्रीनवरचा समुद्र ओळखला. 'आलाव?' सोडलं तर बारा वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न होता. माझा ऊर भरून आला.

"दिसतंय की मामा. निस्तं पाणीच पाणी हाय."

"खोल हाय का?"

"लई खोल."

मामांनी टाचेने थोडी माती उकरून बघितली. मग म्हणाले, "गोडं का खारं?"

मी मनात म्हटलं, मामांना समुद्राची एवढी जिज्ञासा असेल असं वाटलं नव्हतं. पावसाळ्याचे ढग समुद्रावरून येतात हेही सांगून टाकावं. "आधी खारंच असतंय," मी म्हणालो, "पण पुढं त्याचंच गोडं होतंय."

मामांनी मान हलवली. कुठलाही पाणाड्या हेच सांगतो, की पहिलं पाणी मचूळ लागेल, पुढे गोडं लागेल. मी माझ्या चित्राकडे वळलो. मामांनी माझ्या पायाजवळ एक दगड ठेवला. मला वाटलं, लॅपटॉप वाऱ्याने हलू नये म्हणून.

दुपारच्या पंगतीत माझ्या ताटाभोवती रांगोळी होती. मामी दोनदा तूप वाढून गेल्या. जेवणं झाल्यावर मामांनी सगळ्यांदेखत मला टॉवेल, टोपी आणि नारळ दिला. जावळाला जावयाचा मान असेल असं समजून मी टोपी घातली. मग मामा माझ्याशेजारी येऊन बसले आणि बोलायला लागले. रान त्यांच्या वडलांनी कसं घेतलं, पहिल्या वर्षी मूग कसा आला, रोपं आणायला ते टेम्पोच्या मागे उभं राहून कसे गेले. तासभर. मी हूं हूं करत होतो आणि मनात म्हणत होतो, एका समुद्राने केवढं काम केलं.

भावकीतले दोघे जण बांधावरून येऊन म्हणाले, आमच्या बी रानात मशीन घेऊन या. मी अगदी आनंदाने येतो म्हणालो. विज्ञानाची गोडी गावात लागतेय असं मला वाटलं होतं.

चार वाजता हिने मला गोठ्यामागे बोलावलं.

"तुम्ही आबांना पॉइंट दिलाव?"

"कसला पॉइंट?"

"बोअरचा. गाडी सांगितलीय त्यांनी. उद्या सकाळी येणार."

मला सगळं एकदम समजलं. टोपी डोक्यावरच होती. ती काढावी की ठेवावी, हेही सुचेना. मी म्हणालो, तू सांग त्यांना. ती म्हणाली, "पॉइंट मी दिलता का?" आणि तिने मला एक गोष्ट सांगितली. मामांनी पेरणीसाठी मागे ठेवलेले पैसे बोअरला काढले होते. तिसराही कोरडा गेला तर रोपांना टँकर सांगायलाही काही उरणार नव्हतं.

मी त्याच वेळी जाऊन सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. खोटं कशाला बोलू, मला तो तासभर आवडला होता. बारा वर्षं ज्या माणसाने माझ्याकडे त्या उरलेल्या स्प्रिंगकडे बघावं तसं बघितलं, तो माझ्याशेजारी बसून आपल्या वडलांबद्दल बोलत होता. मी स्वतःला नाना तऱ्हांनी समजावलं. पाणाड्यांना तरी काय कळतं. लागलंच पाणी तर? लागतंच की कुठेतरी. संध्याकाळी जेवताना दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा भाकरी घातली.

सकाळी गाडी आली. मळकट पिवळा ट्रक, त्यावर लोखंडी मनोरा, वर बसलेले दोन तमिळ कामगार दात घासत होते. मामांनी दगडाला हळद-कुंकू लावलं होतं. निम्मा गाव बांधावर. मामी बाजूला हात जोडून उभ्या होत्या. मामांनी नारळ हातात घेतला आणि मला म्हणाले, तुमच्या हातानं फोडा.

नारळ हातात आला आणि मला तो फोडता येईना.

"मामा, थांबा," मी हळू आवाजात म्हणालो. "मला जमिनीतल्या पाण्यातलं काहीच कळत न्हाई."

"कामून? काल दिसलं म्हणलाव की."

"समुद्र दिसला होता."

"कोणता समुद्र?"

"दोन्ही. अरबी बी आन् बंगालचा बी."

 ट्रकचं इंजिन चालू होतं, त्यामुळे बांधावर काही ऐकू जात नव्हतं, हे माझं नशीब. मी भराभर सगळं सांगितलं. सॅटेलाइट, ढग, टिक-टॉक, जागा फक्त खरखर नव्हती म्हणून धरली, आणि मी काल दुपारी चारलाच सांगायला पाहिजे होतं. शेवटचं वाक्य सांगताना माझा आवाज बारीक झाला.

"मंग काल कामून न्हाई सांगितलाव?"

"तुम्ही बोलायलाव माझ्याशी, म्हणून."

हे उत्तर मी तयार करून ठेवलेलं नव्हतं. मामांनी माझ्या हातातला नारळ घेतला. आता हा माणूस हा नारळ कुठे फोडतो, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. ते दगडावर बसले. हळद-कुंकू धोतराला लागलं तरी त्यांनी बघितलं नाही.

"पाणाडे लई बघितले," ते म्हणाले. "पैशासाठी त्यांना पाणी हाय म्हणायची गरज असतीय. तुम्ही कुणी न विचारता उभे राहिलाव, म्हणून मी खरं धरलं." मग म्हणाले, "दाखवा."

मी पळत जाऊन लॅपटॉप आणला. ट्रकवाला ओरडत होता, गाडी ठरवून देणारा एजंट घड्याळ दाखवत होता. मामांनी त्यांना हाताने थांबवलं आणि चित्र बघितलं. किनारा त्यांनी बोटाने माप घेतल्यासारखा वरून खालपर्यंत बघितला. आपण कुठं, म्हणाले. मी एक ठिपका दाखवला आणि सांगितलं की आपलं सगळं गाव शिवारासकट ह्या एवढ्या ठिपक्यात येतं.

"मंग आपलं रान?"

"रान दिसत न्हाई मामा."

"न दिसू दे. कोरडंच हाय."

ते हसले की काय, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. उठून ते एजंटकडे गेले, गाडी आल्याचं काय ते त्याच्या हातात ठेवलं आणि बांधाकडे तोंड करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जावयानं सकाळी परत मशीन लावून बघितली. पाणी सरकलंय. आज बोअर न्हाई."

बांधावर कुणी हसलं नाही. उलट एक म्हातारे दुसऱ्याला म्हणाले, की आजवर आलेल्या गाडीला परत लावणारा पाणाड्या हा पहिलाच. माझी टोपी वाचली, पण नाव पडलं ते पडलंच; त्या दिवसापासून त्या पंचक्रोशीत मी पाणी दाखवणारा नव्हे, तर पाणी नाही म्हणणारा म्हणून प्रसिद्ध आहे. अजूनही फोन येतात. कुणाला बोअर पाडायचा असतो, पण मनात धास्ती असते. मग ते म्हणतात, एकदा येऊन न्हाई म्हणून जावा. मी सांगतो, मला यातलं काही कळत नाही. ते म्हणतात, ते बी आम्हाला कळलंय, म्हणूनच बोलवायलो.

मामांनी त्याच दिवशी दुपारी टँकर सांगितला. संध्याकाळी तो आला, मामी आणि मेव्हणा पाइप धरून रोपांमागून रोपं भिजवत होते आणि मी जरा लांब, कुणाच्या मध्ये येणार नाही असा उभा होतो. मामा आले. ती तुमची सॅटेलाइट पुन्हा कव्हा येतीया, म्हणाले. मी सांगितलं, आता अर्ध्या तासात, दक्षिणेकडून, लंकेवरून. त्यांनी हात पुढे केला.

मी कांड्या दिल्या. त्यांनी त्या तळवे वर करून, कोपरं अंगाशी घेऊन, हुबेहूब पाणाड्यासारख्या धरल्या. मी म्हणालो, मामा, अशा न्हाई, आडव्या धरा. ते म्हणाले, "गप बसा, आवाज येऊ द्या." हेडफोन टोपीवर बसेनात, म्हणून त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली. बांधावरून जाणारी माणसं थांबायला लागली. त्यांतला एक जण ओरडला, "आबा, लागलं का?"

मामांनी मान वर केली नाही. स्क्रीनवर चित्र नुकतंच सुरू झालं होतं.

"लागलं," ते म्हणाले. "लंकेला लागलं. उलटं यायलंय."